डुंबणं आणि बुडणं : फ्रेंच इमर्शन शाळा नेमकं काय करतात?

मागच्या व्याख्यानात आपण पाहिलं की मूल घरात पहिली भाषा कसं उचलतं. आज दुसऱ्या भाषेकडे वळू या. त्यासाठी मी एकच उदाहरण घेणार आहे, कॅनडातल्या फ्रेंच इमर्शन शाळांचं.

या शाळांत काय होतं? ज्यांच्या घरी फ्रेंचचा एक शब्दही बोलला जात नाही अशी पाच वर्षांची मुलं फ्रेंच वर्गात येऊन बसतात. गाणी फ्रेंच, गोष्टी फ्रेंच, पुढे गणितही फ्रेंच. सहा-सात वर्षांनी ही मुलं दोन्ही भाषांत अभ्यास करू शकतात आणि त्यांचं इंग्रजी मागे पडलेलं नसतं. गेल्या साठ वर्षांत भाषाशिक्षणाच्या ज्या प्रयोगांचा जगात सगळ्यात जास्त अभ्यास झाला, त्यांतला हा एक.

हे ऐकलं की आपल्याकडे लगेच निष्कर्ष निघतो : 'बघा, लहानपणीच परक्या भाषेच्या शाळेत घातलं की झालं! मुलं काय, स्पंजासारखी शोषून घेतात.' खासगी शाळांच्या माहितीपत्रकांतही हल्ली 'इमर्शन' हा शब्द दिसतो. मला आज हे दाखवायचं आहे की हा निष्कर्ष अर्धवट आहे. त्या शाळा यशस्वी झाल्या त्या काही ठरावीक अटींवर. त्या अटी काढून घेतल्या, तर बाहेरून अगदी तशीच दिसणारी शाळा मुलाचं नुकसान करू शकते.

इमर्शन म्हणजे पाण्यात शिरणं. मराठीत त्यासाठी दोन शब्द आहेत, डुंबणं आणि बुडणं. दोन्हीत माणूस पाण्यातच असतो. फरक कशाने पडतो, तेवढंच आज पाहू.

भाषा हा विषय की माध्यम?

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. आपल्याकडे अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारी पुष्कळ मुलं आहेत. का घेतात? 'स्कोअरिंग' आहे म्हणून. मार्क चांगले मिळतात. पण बारावीनंतर त्यांच्यापैकी एखाद्याला फ्रेंच माणसासमोर उभं करा, नाव आणि गाव सांगून झालं की गाडी अडते. यात मुलांचा दोष नाही. तिथे भाषा हा एक विषय असतो : धडा, व्याकरण, भाषांतर, परीक्षा.

कॅनडातही इंग्रजी शाळांत फ्रेंच असाच शिकवला जायचा आणि आजही बऱ्याच ठिकाणी शिकवला जातो. त्याला तिथे 'कोअर फ्रेंच' म्हणतात. रोज वीस मिनिटं, अर्धा तास, चाळीस मिनिटं असा एक तास असतो. इमर्शनमध्ये फ्रेंच ही शिकवण्याची भाषा होते. तिच्यातून दुसरे विषय शिकवले जातात. ओंटारिओ प्रांताच्या शिक्षण खात्याचे आकडे बघा. आठवी संपेपर्यंत कोअर फ्रेंचच्या मुलाला किमान 600 तास फ्रेंच मिळावं अशी अपेक्षा आहे. इमर्शनच्या मुलासाठी हाच आकडा किमान 3800 तास आहे. सहापटीहून जास्त! नुसत्या तासांतच एवढा फरक आहे. शिवाय त्या तासांत मुलाला भाषेची खरी गरज पडते. पाणी प्यायला जायचंय, गणित अडलंय, शेजारच्याने पेन्सिल घेतलीय, हे सगळं त्याला त्या भाषेत सांगायचं असतं.

आणखी एक गल्लत टाळू या. मुंबईत, दिल्लीत, पुद्दुचेरीत फ्रेंच शाळा आहेत. पुद्दुचेरीची तर 1826 पासूनची आहे. त्या फ्रान्सचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळा आहेत आणि मुळात फ्रेंच कुटुंबांची सोय डोळ्यांसमोर ठेवून त्यांचं जाळं उभं राहिलं. इमर्शन शाळा ज्यांची ती भाषा नाही अशा मुलांसाठीच आखलेली असते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

नदीकाठच्या उपनगरातले पालक

आता गोष्टीकडे येऊ. मॉन्ट्रियल शहरासमोर, सेंट लॉरेन्स नदीच्या पलीकडच्या काठावर सेंट लॅम्बर्ट नावाचं उपनगर आहे. प्रांत क्वेबेक. इथे बहुसंख्य लोक फ्रेंच बोलतात, पण 1960 च्या आसपास उद्योग, बँका आणि वरच्या नोकऱ्या इंग्रजी भाषकांच्या हातात होत्या. दोन समाज एकमेकांशेजारी राहायचे आणि फारसे बोलायचे नाहीत. शाळाही वेगळ्या होत्या, एकीकडे कॅथलिक, दुसरीकडे प्रोटेस्टंट.

1960 नंतर हवा पालटली. क्वेबेकमध्ये ज्याला 'शांत क्रांती' म्हणतात तो काळ सुरू झाला. फ्रेंच भाषक आपल्या भाषेचा हक्क मागू लागले. सेंट लॅम्बर्टच्या काही इंग्रजी भाषक पालकांच्या लक्षात आलं की आपण वर्षानुवर्षं शाळेत फ्रेंच शिकलो, तरी दुकानदाराशी दोन वाक्यं बोलता येत नाहीत. मुलांचंही असंच झालं, तर या प्रांतात त्यांना भविष्य नाही.

1963 मध्ये ते एकत्र जमले. ऑल्गा मेलिकॉफ हे त्यांतलं पुढे नोंदलं गेलेलं एक नाव. यांच्यापैकी कुणी शिक्षणतज्ज्ञ नव्हतं. शाळा मंडळाने आधी दाद दिली नाही. मग पालकांनी मॅकगिल विद्यापीठ गाठलं. तिथे मेंदूतज्ज्ञ वाइल्डर पेनफील्ड होते, लहान वयात भाषा शिकवावी असं आग्रहाने मांडणारे. मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्टही होते. उपनगराच्या आणि त्यांच्या नावातलं साम्य हा निव्वळ योगायोग, बरं का!

लॅम्बर्ट यांनी एलिझाबेथ पील यांच्याबरोबर 1962 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. तोवर अनेकांचा समज होता की दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो आणि बुद्धी मंदावते. या दोघांनी मॉन्ट्रियलमधल्या दहा वर्षांच्या मुलांची तुलना केली. घरची परिस्थिती सारखी असलेली मुलं घेतली, तेव्हा द्विभाषिक मुलं मागे तर नव्हतीच, उलट बऱ्याच चाचण्यांत पुढे होती. त्यावर नंतर आक्षेपही आले. हुशार मुलंच द्विभाषिक झाली असतील, असं कुणी म्हणालं. पण 'दोन भाषा म्हणजे धोका' हा जुना समज तिथून ढासळायला लागला.

शेवटी सप्टेंबर 1965 मध्ये सेंट लॅम्बर्टच्या सार्वजनिक शाळेत 26 मुलांचा एक बालवर्ग सुरू झाला. मंडळाने परवानगी दिली, पण जबाबदारी अंगावर घेतली नाही. पुढची रचना नीट ऐका. बालवर्गात शिक्षिका फ्रेंच बोलायची, पण मुलं इंग्रजीत बोलली तरी चालायचं आणि तिला ते कळायचं. पहिलीत वाचन-लेखन फ्रेंचमधून. दुसरीत दिवसाला साधारण तासभर इंग्रजी सुरू. मग इंग्रजीचा वाटा वाढत सहावीपर्यंत जवळजवळ अर्धा-अर्धा.

म्हणजे घरची भाषा शाळेबाहेर काढलेली नव्हती. ती थोडी उशिरा, पण ठरवून आणली जात होती.

टोरांटोची खासगी वाट

सेंट लॅम्बर्ट सार्वजनिक शाळा होती. त्याआधी तीन वर्षं, 1962 मध्ये, टोरांटोत हॅरी आणि अ‍ॅना जाइल्स या दांपत्याने 'टोरांटो फ्रेंच स्कूल' ही खासगी शाळा सुरू केली होती. टोरांटो पुरतं इंग्रजी शहर. क्वेबेकमध्ये निदान रस्त्यावर फ्रेंच कानावर पडतो, इथे तेही नाही. तरी इंग्रजी घरांतली मुलं लहान वयात फ्रेंचमधून शिकू लागली. ती शाळा आजही चालू आहे.

ओंटारिओत अशा खासगी शाळांना सरकारी अनुदान मिळत नाही. सगळा भार पालकांच्या फीवर, आणि ती भरभक्कम असते. मग फी भरून पालक काय विकत घेतात? बहुधा लहान वर्ग, फ्रेंच सफाईने बोलणारे शिक्षक आणि वरच्या इयत्तांपर्यंत न तुटणारा क्रम. यातली शिक्षकांची गोष्ट छोटी समजू नका. कॅनडात सगळीकडे फ्रेंचमधून शिकवू शकणाऱ्या शिक्षकांची टंचाई आहे. सार्वजनिक शाळा मंडळं त्यापायी मेटाकुटीला येतात.

पण एक लक्षात घ्या. ज्या प्रयोगावरून इमर्शन जगाला माहीत झालं, तो बिनफीच्या सार्वजनिक शाळेत झाला. 1969 मध्ये कॅनडात इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांना समान अधिकार देणारा राजभाषा कायदा आला. 1977 मध्ये पालकांची देशव्यापी संघटना उभी राहिली. आज चार लाखांहून अधिक मुलं इमर्शनमध्ये आहेत आणि त्यांतली बहुतेक सार्वजनिक शाळांत आहेत. तेव्हा एखादी खासगी शाळा 'आमची पद्धतच महागडी' असं सुचवत असेल, तर पद्धत महाग नाही. चांगला शिक्षक मिळवणं आणि टिकवणं महाग आहे.

निकाल काय लागले?

लॅम्बर्ट आणि त्यांचे सहकारी रिचर्ड टकर यांनी या मुलांची वर्षानुवर्षं तपासणी केली आणि 1972 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांनी तुलनेसाठी इंग्रजी शाळेतला एक वर्ग घेतला आणि फ्रेंच शाळेतला एक. पुढच्या वर्षी दाखल झालेल्या वर्गावर तीच मोजणी पुन्हा केली, म्हणजे पहिला निकाल नशिबाने आला का, हे कळावं.

पहिलीच्या शेवटी इमर्शनची मुलं इंग्रजी वाचनात मागे होती. साहजिकच आहे, इंग्रजी वाचायला कुणी शिकवलंच नव्हतं. पालक घाबरले असतील तर ते इथेच. पण शाळेत इंग्रजी सुरू झाल्यावर ती दरी भरून निघाली आणि वरच्या इयत्तांत ती बरोबरीने आली. गणित फ्रेंचमधून शिकली, पण इंग्रजीतून घेतलेल्या चाचणीतही मागे नव्हती. कारण गणित एकदा समजलं की ते समजलेलं असतं, दुसऱ्या भाषेत फक्त नावं बदलतात. टोरांटोचे भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी पुढे हाच विचार सिद्धांत म्हणून मांडला : वरवर भाषा दोन दिसतात, पण वाचून समजून घेण्याची आणि तर्क करण्याची शिदोरी आत एकच असते.

आणि फ्रेंच? ऐकून समजणं आणि वाचणं फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचलं. बोलणं आणि लिहिणं मात्र पोचलं नाही. हे दुसरं वाक्य माहितीपत्रकात सापडत नाही, म्हणून त्याच्यावर जरा थांबू.

'तू' आणि 'तुम्ही'ची गंमत

आपल्या मराठीसारखंच फ्रेंचमध्ये आहे. 'त्यु' म्हणजे तू, आणि 'व्हू' म्हणजे तुम्ही. 'व्हू'ची दोन कामं : अनेक जण असले तर, आणि एकाच माणसाला आदर द्यायचा तर. संशोधकांना दिसलं की इमर्शनची मुलं अनेक वर्षांनंतरही मोठ्या माणसांना सर्रास 'त्यु' म्हणतात. कल्पना करा, आठवीतला मुलगा मुख्याध्यापकांना म्हणतोय, 'तू मला सुट्टी देशील का?'

कारण काय? वर्गात शिक्षिका मुलाला 'त्यु' म्हणते आणि सगळ्या वर्गाला 'व्हू' म्हणते. म्हणून 'व्हू' म्हणजे अनेकजण, इतकंच मुलाला कळतं. आदराचं 'तुम्ही' वर्गात जवळजवळ ऐकूच येत नाही. ते दुकानात, बसमध्ये, शेजारच्या आजोबांशी बोलताना येतं, आणि तिथे हे मूल फ्रेंच बोलत नाही. तसंच 'मी असतो तर केलं असतं' अशा रूपांचं. वर्गातल्या बोलण्यात आज्ञा आणि वर्तमानकाळच जास्त. 'पुस्तक उघडा', 'हे किती होतात?' जे कानावर पडत नाही, ते तोंडी येत नाही.

टोरांटोच्या मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये त्यावर एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. केवळ ऐकून भाषा पूर्ण येत नाही. मुलाने बोलायला, लिहायला हवं, अडायला हवं, आणि अडल्यावर जास्त नेमकं बोलण्याचा रेटा त्याच्यावर हवा. इमर्शनच्या वर्गात शिक्षिकेला मुलाचं मोडकं फ्रेंच कळतं, वर्गमित्रांनाही कळतं, कारण त्यांचंही तसंच असतं. मग सुधारायची गरज उरत नाही. म्हणून आजच्या चांगल्या इमर्शन शाळा मुलांना बोलतं-लिहितं ठेवतात, चुकांकडे मुद्दाम लक्ष वेधतात आणि फ्रेंच मुलांशी गाठभेटी घडवतात.

म्हणजे चाळीस मिनिटांच्या तासापेक्षा इमर्शन कितीतरी पटींनी चांगलं. पण 'आमच्याकडची मुलं जन्मजात फ्रेंचसारखी बोलतात' असं कुणी सांगितलं, तर चारदा विचार करा.

त्याच देशात, त्याच भाषा

आता डुंबणं आणि बुडणं यांतला फरक बघू. त्यासाठी देश सोडायची गरज नाही.

कॅनडात एकोणिसाव्या शतकापासून 1990 च्या दशकापर्यंत निवासी शाळा होत्या. सरकारने चालवायला लावलेल्या, बहुतेक चर्चच्या ताब्यातल्या. आदिवासी समाजांतली सुमारे दीड लाख मुलं आईबापांपासून तोडून तिथे ठेवली गेली. तिथेही मुलं दिवसरात्र परक्या भाषेतच होती, कुठे इंग्रजी, कुठे फ्रेंच. तासच मोजायचे तर सेंट लॅम्बर्टपेक्षा किती तरी जास्त. आपली भाषा बोललं तर शिक्षा व्हायची. परिणाम काय झाला? भाषा गेल्या, आणि मुलं पुढच्या पिढीशी आपल्या भाषेत बोलायला घाबरू लागली. 2008 मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

दुसरं उदाहरण शेजारच्या अमेरिकेतलं. सॅन फ्रान्सिस्कोत इंग्रजी न येणाऱ्या सुमारे 1800 चिनी मुलांना इतरांच्याच वर्गात, कोणत्याही मदतीविना बसवलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1974 मध्ये न्यायालयाने सांगितलं की सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक देणं म्हणजे समान वागणूक नव्हे. ज्याला भाषाच कळत नाही, त्याच्यासाठी शिक्षणाचं दार बंदच असतं.

वॉलेस लॅम्बर्ट यांनी या दोन टोकांना नावं दिली. एका ठिकाणी दुसरी भाषा पहिलीत भर घालते, त्याला बेरजेची द्विभाषिकता म्हणा. दुसऱ्या ठिकाणी नवी भाषा जुनीची जागा घेते, ती वजाबाकीची. सेंट लॅम्बर्टच्या इंग्रजी मुलांना कसलाच धोका नव्हता. इंग्रजी घरात होती, टीव्हीवर होती, बँकेत होती, सगळ्या उत्तर अमेरिकेत होती. तिला धक्का लागणं शक्यच नव्हतं.

मग बेरीज कधी होते? संशोधनातून चार-पाच गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात. एक, मुलाच्या घरच्या भाषेला समाजात मान आणि बळ असतं. दोन, वर्गातली सगळी मुलं नव्या भाषेत शून्यापासून सुरू करतात, त्यामुळे कुणी 'ढ' ठरत नाही. तीन, शिक्षिकेला मुलाची भाषा कळते आणि तिच्या भाषेवर पकडही असते. चार, घरची भाषा पुढे शाळेतच वाचायला-लिहायला शिकवली जाते. पाच, पालकांनी हे समजून-उमजून निवडलेलं असतं आणि नको वाटलं तर परतीची वाट खुली असते.

या गोष्टीला एक चांगलं वळणही आहे. सेंट लॅम्बर्टच्याच काठावर, थोड्या अंतरावर, कानावाके ही मोहॉक लोकांची वस्ती आहे. तिथल्या लोकांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस शेजारचं इमर्शन पाहून तीच पद्धत आपल्या मोहॉक भाषेसाठी वापरायला सुरुवात केली. घरात इंग्रजी शिरलेल्या मुलांना शाळेने आजीची भाषा परत द्यायची. साधन तेच, पण आता ते निवडलेलं होतं, लादलेलं नव्हतं.

मराठी घरांसाठी याचा अर्थ

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनमध्ये आता पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्यापुढचा प्रश्न असा : घरी मराठी, बाहेर इंग्रजी, आणि शाळा फ्रेंच इमर्शनची? तिसरी भाषा झेपेल का? बऱ्याचदा सल्ला मिळतो, 'आधी इंग्रजी पक्कं होऊ द्या, आणि घरी मराठी कमी करा.'

मेरिल स्वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या सुमारास टोरांटोत नेमका हाच प्रश्न तपासला. फ्रेंचमधून शिकणाऱ्या, स्थलांतरित घरांतल्या मुलांत ज्यांना घरची भाषा वाचता-लिहिता येत होती, त्यांचं फ्रेंच इतरांपेक्षा चांगलं होतं. जी मुलं घरची भाषा फक्त बोलत होती, त्यांना तेवढा फायदा दिसला नाही. म्हणजे त्या मुलांना मराठी बाराखडी शिकवणारा रविवारचा वर्ग फ्रेंचच्या आड येत नाही, उलट त्याचा आधार होऊ शकतो. वर मी शिदोरीचं बोलले, ते इथे लागू पडतं.

आणि महाराष्ट्रातलं इंग्रजी माध्यम? त्याला बरेच जण मनात इमर्शनच समजतात. आपल्या पाच अटी लावून बघा. मोठ्या शहरातल्या, घरी पुस्तकं असलेल्या, दोन्ही भाषा सहज बोलणाऱ्या घरातलं मूल तरून जातं. पण ज्याच्या घरी इंग्रजी कुणालाच येत नाही, ज्याच्या बाईंनाही ते अवघड जातं, ज्याच्या वर्गात उत्तरं फळ्यावरून उतरवून पाठ केली जातात, आणि ज्याला मराठी धड वाचायला कुणी शिकवत नाही, ते मूल कुठे आहे? त्याचे आईबाप पोटाला चिमटा काढून फी भरतात. त्यांचा हेतू सेंट लॅम्बर्टच्या पालकांइतकाच रास्त आहे. पण शाळेने एकही अट पाळलेली नसते.

त्या मानाने सेमी इंग्रजीची रचना कागदावर तरी अर्धवट इमर्शनच्या जवळ जाते : गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. ती चालते की नाही, हे पुन्हा शिक्षकावर ठरतं.

तेव्हा उद्या कुठलीही शाळा 'इमर्शन' म्हणाली, भाषा फ्रेंच असो वा इंग्रजी, तर प्रवेशाच्या आधी विचारा : शिकवणाऱ्यांची त्या भाषेवर पकड किती? त्यांना माझ्या मुलाची भाषा कळते का? घरची भाषा कोणत्या इयत्तेत, आठवड्याला किती तास? मुलं स्वतः किती बोलतात? आणि जमलं नाही, तर मदत कोण करणार?

श्रोत्यांचे काही प्रश्न

*इमर्शन फक्त हुशार मुलांसाठी असतं का?*

नाही. फ्रेड जेनेसी यांनी मॉन्ट्रियलमध्ये यावर बरंच काम केलं. अभ्यासात सरासरीपेक्षा मागे असणारी मुलंही इमर्शनमध्ये, आपल्यासारख्याच इंग्रजी शाळेतल्या मुलांइतकीच प्रगती करतात आणि वर फ्रेंच शिकतात, असं त्यांना दिसलं. अडचण वेगळी आहे. मूल अडखळलं की शाळा त्याला मदत देण्याऐवजी इंग्रजी वर्गात पाठवते. मग इमर्शनच्या वर्गात बऱ्या परिस्थितीतली, न अडखळणारी मुलं उरतात आणि शेजारच्या वर्गात बाकीची. ही टीका कॅनडात जोरात होते आणि ती योग्य आहे. खासगी शाळेत तर फी ही पहिलीच चाळणी असते.

*उशिरा सुरू केलं तर?*

कॅनडात चौथीपासून आणि सातवीपासूनही इमर्शन आहे. सातवीत सुरू केलेली मुलं वेगाने शिकतात, कारण वाचायची, अभ्यासाची सवय झालेली असते. सहज समजणं आणि आत्मविश्वास याबाबतीत बालवर्गापासूनची मुलं सहसा पुढे राहतात. पण 'पाचव्या वर्षी गाडी चुकली की संपलं' असं बिलकूल नाही. मुलाची पहिली भाषा डळमळीत असेल, तर आधी तिला वेळ द्या.

*घरी आम्हाला फ्रेंच येत नाही, अभ्यास कसा घेणार?*

सेंट लॅम्बर्टच्या पालकांनाही येत नव्हता. तुम्ही तुमच्या भाषेत भरपूर बोला, वाचून दाखवा, 'आज शाळेत काय झालं' ते मराठीत सविस्तर सांगायला लावा. फ्रेंच शिकवणं हे शाळेचं काम आहे. ते काम शाळा तुमच्यावर ढकलत असेल, तर ती इमर्शन शाळा नाही.

वेळ संपली आहे, इथे थांबते.